मार्गिका एक, सोबती अनेक

अँटन येर्व्हेल आणि फ्रेड लांगे-नील्सन या नॉर्वेतील दोन डॉक्टरांनी १९५७ साली एका कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध केली. आईवडील निरोगी होते. सहा मुलांपैकी चार जन्मतः बहिरी होती आणि या चौघांना बेशुद्धीचे झटके येत. त्यांपैकी तीन मुले चार, पाच आणि नऊ वर्षांची असताना अचानक दगावली. त्यांच्या हृदयालेखात, म्हणजे ईसीजीमध्ये, एक समान दोष आढळला. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या स्नायूला पूर्वस्थितीत यायला फार वेळ लागत होता. बहिरेपणाचा आणि हृदयाचा असा काय संबंध असावा? याचे उत्तर मिळायला चाळीस वर्षे लागली आणि त्यात एका चिमुकल्या प्रथिनाचा मोठा वाटा निघाला.

प्रथम थोडी पार्श्वभूमी पाहू. आपल्या पेशींमध्ये पोटॅशियमच्या आयनांचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा सुमारे तीसपट असते. पेशीपटल मेदाचे बनलेले असल्याने विद्युतभारित आयनाला त्यातून आरपार जाता येत नाही. त्यासाठी पटलात प्रथिनांच्या मार्गिका बसवलेल्या असतात. पोटॅशियमची मार्गिका सामान्यतः चार घटक एकत्र येऊन बनते आणि त्यांच्या मधोमध छिद्र असते. हे छिद्र पोटॅशियमलाच कसे निवडते हे रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली एका जिवाणूच्या मार्गिकेची रचना उलगडून दाखवले. त्या कामासाठी त्यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

अनेक मार्गिकांना जणू दार असते. पटलाच्या दोन बाजूंमधील विद्युत विभवांतर बदलले, की मार्गिकेचा धनभारित भाग सरकतो आणि दार उघडते. हा भाग म्हणजे मार्गिकेचा विभव-संवेदक.

आता हृदयाकडे वळू. ठोक्यापूर्वी स्नायुपेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ९० मिलिव्होल्ट असते. ठोका पडताना सोडियमचे आयन आत घुसतात व ती धन होते. मग कॅल्शियम आत येत राहते आणि ही स्थिती साधारण पाव सेकंद टिकते. तेवढ्यात पेशी आकुंचन पावते. त्यानंतर पोटॅशियम बाहेर पडले, की विभवांतर पूर्ववत होते. पोटॅशियमची सगळी दारे लगेच सताड उघडली तर आकुंचन अर्धवट राहील, आणि फार उशिरा उघडली तर पुढच्या ठोक्याची लय बिघडेल. म्हणून हृदयात सावकाश उघडणाऱ्या पोटॅशियम मार्गिकेची गरज असते.

अशा संथ प्रवाहाशी जुळणारे प्रथिन १९८८ साली जपानच्या ताकुमी, ओकुबो आणि नाकानिशी यांना सापडले. त्याचा आरएनए त्यांनी झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या अंड्यात टोचला, तेव्हा अंड्यातून पोटॅशियमचा संथ प्रवाह वाहू लागला. पण हे प्रथिन अवघ्या १३० अमिनो आम्लांचे होते आणि पटलातून एकदाच आरपार जात होते. एवढ्याशा प्रथिनात छिद्र कुठून येणार, हे कोडे आठ वर्षे सुटले नाही.

१९९६ साली केसीएनक्यू-१ नावाची मोठी मार्गिका सापडली. आपण तिला क्यू-१ म्हणू. त्याच वर्षी दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की क्यू-१ आणि ते छोटे प्रथिन (केसीएनई-१, म्हणजे आपले ई-१) एकत्र आले, की हृदयातला संथ प्रवाह हुबेहूब मिळतो. बेडकाच्या अंड्यात त्याची स्वतःची क्यू-१ आधीपासूनच होती! टोचलेले ई-१ तिलाच जाऊन चिकटत होते. छिद्र क्यू-१ चे, आणि चाल मात्र ई-१ ने ठरवलेली.

वर्गात हे दाराच्या उदाहरणाने सांगता येईल. क्यू-१ एकटी असते तेव्हा ती चटकन उघडते, पण तिच्यातून प्रवाह थोडाच वाहतो. ई-१ जोडले, की दाराला जड यंत्रणा बसवल्यासारखे होते. ते उघडायला अधिक जोर लागतो, म्हणजे पेशीची आतली बाजू अधिक धन व्हावी लागते, आणि वेळही जास्त लागतो. दाराची उपमा इथपर्यंतच चालते, कारण ई-१ मुळे एकूण प्रवाहही कित्येक पटींनी वाढतो.

ई-१ चे एक भावंड आहे, केसीएनई-३. आतड्याच्या पेशींत क्यू-१ ला ई-३ ची सोबत मिळते आणि मग ती जवळजवळ कायम उघडी राहते, जणू दाराला कोणी दगड लावून ठेवला आहे. या पेशी क्लोराइड व त्यामागोमाग पाणी स्रवतात. त्या कामात आत आलेले पोटॅशियम सतत बाहेर काढावे लागते. या पेशींत हृदयासारखे ठोके नसतात, त्यामुळे विभवांतर बदलण्याची वाट पाहणारे दार तिथे निरुपयोगी ठरले असते. ई-३ हे क्यू-१ च्या विभव-संवेदकाला टेकून बसते आणि त्याला उघड्या स्थितीत धरून ठेवते, हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या रचनेत स्पष्ट दिसले.

आता बहिरेपणाचा उलगडा होतो. अंतर्कर्णातल्या संवेदी रोमपेशींचे रोम पोटॅशियमने समृद्ध अशा द्रवात बुडालेले असतात. ध्वनीने ते वाकले, की पोटॅशियम आत शिरते आणि संदेश निघतो. या द्रवात पोटॅशियम सोडण्याचे काम क्यू-१ व ई-१ ची जोडी करते. ई-१ चे जनुक काढून टाकलेले उंदीर बहिरे होतात, हेही १९९६ मध्येच दिसले. पुढच्याच वर्षी येर्व्हेल व लांगे-नील्सन यांनी वर्णिलेला विकार असलेल्या कुटुंबांत दोष सापडले, काहींत क्यू-१ च्या जनुकात तर काहींत ई-१ च्या. आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आले तरच बहिरेपणा येतो. म्हणून आईवडिलांना ऐकू येत होते.

शिक्षकांना या माहितीचा प्रत्यक्ष उपयोग आहे. धावताना किंवा घाबरल्यावर शरीरात ॲड्रिनलिन वाढते आणि हृदय जलद चालते. अशा वेळी निरोगी माणसात क्यू-१ व ई-१ चा प्रवाह वाढून प्रत्येक ठोका आटोपशीर होतो. ही जोडी सदोष असेल तर नेमक्या त्याच वेळी लय बिघडते. हा विकार अतिशय विरळ आहे आणि बहुतेक कर्णबधिर मुलांना तो नसतो. तरीही जन्मतः बहिरे मूल खेळताना, पोहताना किंवा दचकून बेशुद्ध पडले, तर अशक्तपणा किंवा फिट म्हणून सोडून देऊ नये. अशा झटक्यांना अपस्मार समजण्याची चूक पूर्वी अनेकदा झालेली आहे. पालकांना मुलाचा ईसीजी काढून घ्यायला सांगावे. दोष वेळीच कळला तर ॲड्रिनलिनचा प्रभाव रोखणारी औषधे देता येतात आणि गरज पडल्यास हृदयाची लय सावरणारे उपकरण शरीरात बसवता येते. १९५७ सालच्या त्या मुलांसाठी यांतले काहीच उपलब्ध नव्हते.