जुनी गाडी, दूरचा रस्ता

जुनी गाडी पाहायला जाणे आणि स्थळ पाहायला जाणे यांत फारसा फरक नाही. दोन्हीकडे सारे कसे नटूनथटून समोर येते, आणि जे खरोखर विचारायचे ते चहा संपेपर्यंत कोणी विचारीत नाही. स्थळाची चौकशी करायला निदान आत्या-मावश्या असतात. गाडीची चौकशी मात्र आपली आपणच करावी लागते.

यंदा आमच्या घरी तो योग आला. नेरूळहून थेट कन्याकुमारी गाठायची असा बेत ठरला. पनवेलजवळ पळस्प्याला सुरू होणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 66 कोकण, गोवा, कर्नाटक, केरळ करीत कन्याकुमारीला संपतो. अंतर सुमारे 1600 किलोमीटर. रस्त्याचे एक टोक असे दाराशी असताना दुसरे पाहायला नको का? बरोबर सत्तरी उलटलेल्या सासूबाई आणि दोन मुले. नव्या गाडीपुरते पैसे गाठीशी नव्हते, तेव्हा जुनी पाहायला निघालो.

आमच्या वडिलांच्या पिढीला निवडीचा त्रास नव्हता. अँबॅसिडर नाहीतर कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, पुढे तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली. 1983 साली मारुती 800 आली आणि मध्यमवर्गाची दृष्टी तिकडे वळली. आता नमुने इतके, की मुलांना नावे पाठ आणि आम्हांला एक आठवेना. पण त्या जुन्या गाड्यांचा एक गुण आजही शोधण्याजोगा आहे. त्या कुठल्याही गावच्या मेस्त्रीला दुरुस्त करता येत. कारवारजवळ गाडी बंद पडली तर तिचा सुटा भाग तिथे मिळेल का, हा प्रश्न रंगाआधी विचारावा.

पहिली गाडी आरशासारखी लखलखीत होती. आमच्या ओळखीच्या मेस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला. ते गरम! ‘सकाळीच जरा फिरवून आणली,’ मालक म्हणाले. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे, हे आम्ही तिथे शिकलो. निळसर धूर आला तर इंजिन तेल पीत आहे असे समजावे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर कूलंट सिलिंडरात शिरत असण्याचा संभव असतो.

दुसऱ्या गाडीत अत्तराचा घमघमाट होता. मेस्त्री म्हणाले, ‘वहिनी, गाडी वरनं नाही, खालनं बघायची.’ त्यांनी आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढला, तर टोकाला मातीची रेघ! आसनाखालचे बोल्टही गंजलेले. गाडी पुरात बुडालेली होती. आमचे शहर खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसले आहे. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवायला सिडकोने धारण तलाव केले, ते याचसाठी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस या भागात कोणी विसरलेले नाही. शिवाय खाऱ्या हवेने पत्रा खालून खाल्ला जातो. पाण्यात बुडालेल्या गाडीची वीजजोडणी पुढे कधी दगा देईल याचा नेम नसतो.

तिसरी गाडी सर्वांना आवडली. मालकही मोठे गोड बोलणारे. ‘आधी फिरून या, नाव सावकाश करा,’ असे म्हणाले. इथे आमचे ‘हे’ अडून बसले. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नमुना 29 आणि 30 त्यासाठीच आहेत. 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे नाव बदलण्याची घाई खरे तर विकणाऱ्याला हवी! विमाही जुन्याच नावावर राहिला, तर आपल्या नुकसानीची भरपाई मिळणे कठीण. कर्ज फिटल्याची नोंद आणि थकलेली दंडाची चलने पाहायचे म्हटल्यावर गृहस्थांचा गोडवा ओसरला.

शेवटी घेतली ती चौथी. अकरा वर्षांची, पेट्रोलची, दारावर दोन ओरखडे. पण मालकीणबाईंनी दुरुस्तीची सारी बिले तारीखवार फाइलला लावून ठेवली होती. चासिस आणि इंजिनाचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी अक्षरन् अक्षर जुळले. वाचलेल्या पैशांतून टायर आणि ब्रेकचे तेल बदलले. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. कोकणातल्या घाटात लांब उतारावर ते तापले, की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पाय दाबूनही गाडी थांबत नाही. मागच्या आसनावर आजी आणि नातवंडे बसलेली असताना तिथे काटकसर कोण करील?

सासूबाईंना मात्र ते ओरखडे खुपत होते. ‘एवढे पैसे मोजले, तर रंग तरी द्यायचा होता,’ त्या म्हणाल्या. मी त्यांना बिलांची ती फाइल दाखवली. चष्मा लावून त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली आणि म्हणाल्या, ‘बाई नीटनेटकी दिसते हो.’

नोंदणीपुस्तकावर नाव चढले आहे, विमाही झाला आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आम्ही पळस्पे ओलांडलेले असेल.