सुट्टीतले रोप

पावसाळा आला की शाळाशाळांतून झाडे लावण्याचा समारंभ होतो. भाषणे होतात, फोटो निघतो. पण पुढच्या जूनमध्ये त्या खड्ड्यांपाशी जाऊन पाहावे, तर बहुतेक ठिकाणी वाळलेल्या काड्या! असे का व्हावे?

आमच्या पुण्यात बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. पुढचे महिने जवळजवळ कोरडे. लहान रोपाची मुळे वरच्या थरात असतात आणि उन्हाळ्यात तोच थर आधी वाळतो. नेमकी तेव्हाच शाळेला सुट्टी.

केंद्र सरकारने २००१-०२ साली राष्ट्रीय हरित सेना सुरू केली. तीत शाळेतील ३० ते ५० मुलांचे मंडळ असे व एक शिक्षक त्याचे काम पाहत असे. आता हिशेब करा. ४० मुले, १० रोपे. म्हणजे एका रोपामागे चार मुले. आठवड्यातून दोनदा पाणी घालायचे, तर महिन्यातून एकेकाच्या वाट्याला दोनच पाळ्या येतात. रोपाशेजारी मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, भरून वर झाकण ठेवावे. पाणी झिरपत मुळांपाशी जाते, उन्हाने फारसे उडत नाही.

एखादा मुलगा मामाच्या गावी गेला, तर शेजारच्या आजोबांना सांगून जाईल. आजोबांनी एकदा मडके भरले की रोप नुसते शाळेचे राहत नाही, साऱ्या आळीचे होते.

आणि गुरुजी, वहीत लावलेल्या रोपांचा आकडा मिरवू नका; दुसऱ्या जूनला जगलेल्या रोपांचा लिहा.