गुंजनपक्ष्याची रात्र

पुण्या-मुंबईच्या बागांत जास्वंदीच्या फुलापाशीं फडफडणारा चिमुकला जांभळा-काळा पक्षी दिसला, कीं मुलें ओरडतात, “हमिंगबर्ड आला!” आणि पुष्कळदां वडील माणसेंहि त्यास दुजोरा देतात. तो असतो शिंजीर. हमिंगबर्ड, म्हणजे गुंजनपक्षी, दोन्ही अमेरिका खंडें व त्यांलगतचीं बेटें सोडून रानांत कोठेंहि आढळत नाहीं. दोघांचा व्यवसाय एकच, फुलांतील मधुरस पिण्याचा. म्हणून चोंचीहि सारख्याच लांब व बारीक झाल्या. कुळाच्या दृष्टीनें मात्र गुंजनपक्ष्याचें नातें शिंजिराशीं नसून आकाशांत दिवसभर घिरट्या घालणाऱ्या पाकोळीशीं आहे.

शिंजीर बहुधा फांदीवर किंवा देठावर बसून रस पितो. गुंजनपक्षी अधांतरीं स्थिर राहून पितो, आणि पिऊन झालें कीं मागच्या मागें सरकतो. ही किमया त्याच्या खांद्याच्या सांध्यांत आहे. विहिरींत उभ्यानें तरंगणारा पोहणारा आपले तळहात उलटसुलट फिरवून पाणी कापतो. गुंजनपक्ष्याचा पंख हवेंत जवळजवळ तेंच करितो. खालच्या फटक्यावर देहाचा पाऊण भार आणि वरच्या फटक्यावर पाव भार तोलला जातो, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजमापांवरून दिसून आलें. लाल गळ्याच्या जातींत असे फटके सेकंदास सुमारें ५० बसतात. पक्ष्याला नांव मिळालें तें या पंखांच्या गुंजारवावरून, गळ्यावरून नव्हे.

या करामतीची किंमत मात्र जबर आहे. अवघ्या तीन ग्रॅमांच्या आसपास वजन, आणि उडतांना हृदयाचे ठोके मिनिटास हजाराहून अधिक! साखरेचें इंधन इतक्या झपाट्यानें जळतें, कीं दिवसभर शेंकडों फुलें धुंडाळावीं लागतात. शिवाय नुसत्या साखरेनें स्नायु घडत नाहींत. म्हणून बारीक किडे व कोळीहि खावे लागतात. फुलांचें एकादें झुडूप राखण्यासाठीं हें इवलेंसें पाखरूं आपल्याहून मोठ्या पक्ष्यांवर तुटून पडतें, तें उगीच नव्हे.

मग रात्रीं काय? अंधारांत फुलांकडे जातां येत नाहीं, आणि अंगांत साठा तो केवढा! पोट पुरेसें भरलेलें नसलें किंवा थंडी कडक असली, तर गुंजनपक्षी शरीराची भट्टीच मंद करितो. ही नुसती झोप नव्हे, ग्लानि होय. दिवसां ४० अंश सेंटिग्रेडच्या आसपास असणारें तपमान घसरत जातें, हृदयाचे ठोके विरळ होतात. पेरू देशांतील अँडीज पर्वतांत एका पक्ष्याचें तपमान रात्रीं सुमारें ३.३ अंशांपर्यंत उतरल्याचें संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलें. बर्फाच्या पाण्याहून तें थोडेंच अधिक! अशा स्थितींत शत्रु आला, तर पक्ष्याला उडतां येत नाहीं. उपासमारीपेक्षां हा धोका तो पत्करितो.

उजाडण्यापूर्वींच उड्डाणाचे स्नायु थरथरूं लागतात. रात्रभर राखलेली चरबी या कंपांत जळते, अंगांत ऊब परतते. वीस मिनिटें, कधीं त्याहून अधिक वेळ, तो फांदीवर तसाच कांपत बसतो. मग पंखांचा गुंजारव सुरू होतो आणि पक्षी पहिलें फूल शोधावयास निघतो.