सुप्याच्या विहिरीतला गेरू आणि संशोधनाची फेलोशिप



पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर सुपा एमआयडीसी लागते. या भागात विहीर खोदताना वर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक लागतो. काही ठिकाणी दोन खडकांच्या मध्ये गेरूचा लाल पट्टाही दिसतो. खोदणाऱ्याला तो नरम लागतो म्हणून बरा वाटतो, एवढीच त्याची दखल घेतली जाते. पण याच प्रकारच्या लाल थरांवर जगातल्या नामवंत प्रयोगशाळांनी काम केले आहे.

आपला काळा खडक म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो पुन्हा पुन्हा वाहिला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभाग त्याने व्यापलेला आहे. कार्ले, भाजे, जुन्नर, अजिंठा या आपल्या लेण्या याच खडकात कोरलेल्या आहेत. डायनासोर नष्ट झाले तो काळही साधारण हाच. मग ते मेक्सिकोत आदळलेल्या अशनीमुळे गेले की आपल्याकडच्या लाव्ह्यातून निघालेल्या वायूंमुळे? हे ठरवायचे तर लाव्ह्याचा कोणता थर कधीचा, हे नेमके कळायला हवे.

इथे गेरू कामाला येतो. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तयार झालेल्या या थरात कधी कधी ज्वालामुखीची राख अडकलेली असते आणि राखेत झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक असतात. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसे जवळजवळ घेत नाही. पुढे युरेनियमचे ठरलेल्या गतीने शिसे होत जाते. दोन्हींचे प्रमाण मोजले की वय निघते. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ब्लेअर शोन यांच्या गटाने सह्याद्रीतले नमुने असे मोजले. बर्कलेच्या कोर्टनी स्प्रेन आणि पॉल रेनी यांच्या गटाने खडकातल्या दुसऱ्या खनिजातील आर्गॉन वायू मोजला. दोन्ही निबंध फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आले. शोन यांच्या मते एक मोठा उद्रेक अशनीच्या थोडा आधी झाला, तर स्प्रेन यांच्या मते बहुतेक लाव्हा नंतर वाहिला. एकच खडक, दोन मोजमापे आणि पुराव्यावर उघड वाद. कालाम सुत्त वाचणाऱ्यांना ही पद्धत परकी वाटू नये.

खडक आपला, मग यात आपली मुले किती? मुंबईच्या आयआयटीत दख्खनच्या खडकांवर मोठे काम झालेले आहे, म्हणजे दार इथेही आहे. पण आम्ही ज्या अभ्यासिकांत जातो तिथे एमपीएससी आणि पोलीस भरती सोडून बोलणे होत नाही. पीएचडी म्हटले की समाजशास्त्र, मराठी, इतिहास. आम्हीही त्याच वाटेने आलो, त्यामुळे दोष कोणाला देणार?

बारावी सायन्सनंतर भूशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी आणि मग सीएसआयआर-यूजीसी नेट. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप आणि बार्टीची अधिछात्रवृत्ती वेगळी. या याद्यांत भूशास्त्राचे विद्यार्थीही हवेत.

मात्र पैसे वेळेवर आले पाहिजेत. २०२३ मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी विद्यार्थ्यांना आझाद मैदानात बसावे लागले. ग्रंथालयात बसून काम करणारा चार महिने उसनवारीवर काढतो. खडकांवर काम करणाऱ्याचे तसे नसते. पावसाळा संपला की उन्हाचा चटका सुरू होईपर्यंतच घाटात नीट फिरता येते. तेवढ्यात गाडीभाडे, नमुने फोडणे, प्रयोगशाळेचे शुल्क, सगळे लागते. हप्ता मार्चमध्ये आला तर ते वर्ष गेले. १९१३ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, ती महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी ठरलेली होती. आपल्या निवेदनांत रक्कम आणि संख्येची मागणी असते. हप्त्याची तारीखही लिहा, क्षेत्रकार्य करणाऱ्यांसाठी ऑक्टोबरच्या आत.

या दिवाळीनंतर आम्ही अभ्यासिकेतल्या अकरावी-बारावीच्या मुलांना सुप्याजवळच्या एका जुन्या विहिरीवर नेणार आहोत. टॉर्च, पट्टी आणि वही सोबत आणायला सांगितले आहे.