आटलेल्या तळ्यात मासे येतात कुठून?

मे महिन्यात पूर्व विदर्भातल्या एखाद्या बोडीत उतरून बघा. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला पाळ घालून केलेलं छोटं तळं. पावसाळ्यात जिथे माणूस बुडेल एवढं पाणी होतं, तिथे आता गुरं उभी असतात. चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या असतात, भेगेत हात घातला तर मनगटापर्यंत आत जातो. पाण्याचा थेंब नाही. आता हीच बोडी ऑगस्टमध्ये बघा. पाणी काठोकाठ भरलंय, पाळीवर पोरं गळ टाकून बसलीत आणि गळाला चक्क मासे लागताहेत! मधल्या काळात इथे कुणी मासे आणून सोडले नाहीत. मग हे आले कुठून?

पावसाबरोबर आभाळातून पडतात, असं जुनी माणसं सांगतात. या उत्तराला हसू नका. कोरड्या जमिनीवर पाऊस पडतो आणि पाठोपाठ मासे दिसतात, हे डोळ्यांनी पाहणाऱ्याला दुसरं काय सुचणार? पण खरी गोष्ट त्याहून अचाट आहे. या माशांपैकी काही खालून येतात, काही जमिनीवरून सरपटत येतात आणि काही वाहत्या पाण्याला छातीवर घेत उलटे चढून येतात.

आधी तळ्याकडे बघू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात माजी मालगुजारी तलाव साडेसहा हजारांहून अधिक आहेत. सरकारी कागदांत आणि लोकांच्या तोंडी ते ‘मामा तलाव’. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातल्या जाणकारांनी जमिनीचा उतार नेमका हेरून ते बांधले. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे जमीनदारांमार्फत सारा वसूल करायची पद्धत, संपली आणि तलाव सरकारकडे गेले. या तलावाला चारी बाजूंनी भिंत नसते. उताराच्या खालच्या अंगाला मातीची पाळ, आणि वरच्या अंगाला जमीन हलकेच वर चढत जाते. म्हणजे पाण्याची एक बाजू खोल, तर दुसरी घोट्याएवढी उथळ. पावसाळ्यात पाणी त्या उथळ अंगावर पसरत जातं, उन्हाळ्यात मागे सरकतं. तलावाला लागूनच बोड्या, त्याखाली धानाच्या बांध्या, आणि या सगळ्यांना जोडणारे ओढे-नाले. हा आराखडा डोक्यात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या चमत्कारांची किल्ली त्यातच आहे.

पहिलं कोडं असं. पाणी आटत चाललंय, उरलंसुरलं डबकं उन्हानं तापलंय, त्यात मासा जगतो कसा? पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. 30 अंशांच्या एक लिटर पाण्यात तो जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम विरघळतो. आणि एक लिटर हवेत? सुमारे 270 मिलिग्रॅम! पस्तीस पटींहून जास्त. त्यातही रात्र आणखी वाईट. दिवसा पाणवनस्पती आणि शेवाळ प्राणवायू तयार करतात, पण सूर्य मावळला की हे काम थांबतं आणि त्यांचा स्वतःचा वापर मात्र चालूच राहतो. रात्रभर साठा घटत जातो आणि पहाटे तळ गाठतो. म्हणून उन्हाळ्यातल्या पहाटे तळ्याकाठी गेलात, तर पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकणारे मासे दिसतात.

मग काही माशांनी काय करावं? त्यांनी सरळ हवेतूनच श्वास घ्यायला सुरुवात केली. मरळ घ्या. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला एक पोकळी असते. मरळ वर येते, तोंडानं हवेचा घोट घेते आणि तो या पोकळीत कोंडते. पोकळीच्या आतल्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, तेच हवेतला प्राणवायू शोषून घेतं. मांगूरची तऱ्हा वेगळी: त्याच्या कल्ल्यांच्या कमानींवरच लालबुंद, फांद्या फुटलेले अवयव उगवलेले असतात. आणि सिंगी तर कमालच करते. तिच्या अंगात कल्ल्यांपासून निघून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी शेपटीच्या दिशेला गेलेल्या दोन लांबट हवेच्या पिशव्या असतात. एकाच अडचणीवर तीन निरनिराळ्या घराण्यांतल्या माशांनी काढलेले हे तीन निरनिराळे तोडगे!

यातली मरळ हवेवर इतकी अवलंबून आहे की तिला पृष्ठभागाशी येऊच दिलं नाही, तर ती पाण्यात गुदमरून मरते. मासा पाण्यात बुडून मरतो, यावर विश्वास बसतो का? पण हे खरं आहे. आणि याचा पुरावा तुम्ही बाजारात कितीदा तरी पाहिलेला आहे. बाकीचे मासे बर्फावर निपचित पडलेले असतात, आणि मरळ, मांगूर मात्र घमेल्यात चार बोटं पाण्यात जिवंत वळवळत असतात.

आता मे महिन्यातल्या चिखलाकडे परत या. पाणी संपत आलं की मरळ आणि मांगूर चिखलात शिरतात. अंगावरचा बुळबुळीत थर ओल धरून ठेवतो. हालचाल जवळजवळ थांबते, अंगातल्या चरबीवर दिवस निघतात, श्वासाला हवा लागते आणि ती चिखलाच्या भोकातून मिळते. वरून जमीन कोरडी दिसते, पण खाली ओल आहे तोवर मासा टिकून असतो. पाऊस आला, चिखल सैल झाला की तो बाहेर येतो. आभाळातून पडल्यासारखा दिसणारा मासा तुमच्या पायाखालीच होता!

पण चिखलात फक्त मासेच थांबलेले नसतात. कोरडी पडलेली बोडी म्हणजे धान्यानं भरलेली कणगी. पाणपिसवांसारखे टाचणीच्या डोक्याएवढे जीव पाणी आटायच्या आधी एक खास प्रकारची अंडी घालतात, जाड कवचाची. ती वाळतात, तापतात, तरी मरत नाहीत. तळ्यांच्या गाळात कित्येक दशकं पडून राहिलेली अशी अंडीही शास्त्रज्ञांनी पाणी देऊन उबवली आहेत. पहिल्या पावसाचं पाणी तळाला लागलं की काही दिवसांत यातून असंख्य सूक्ष्म जीव बाहेर पडतात. पाणवनस्पतींची बियाणी आणि कंद रुजतात. ज्या आठवड्यात माशांची पिल्लं जन्माला येणार, नेमक्या त्याच आठवड्यात त्यांच्या तोंडात मावेल असं खाणं पाण्यात तयार!

बाकीचे मासे मात्र चिखलात राहू शकत नाहीत. ते उन्हाळा काढतात मोठ्या तलावाच्या खोल डोहात किंवा नदीच्या कुंडांत. जूनमध्ये पहिला दणदणीत पाऊस होतो, ओढे भरून वाहू लागतात, आणि या माशांच्या अंगात काहीतरी जागं होतं. पाणी गढूळ झालंय, गार झालंय, पातळी वाढतेय, प्रवाह अंगाला लागतोय. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते, तीत सूक्ष्म संवेदक असतात. पाण्याचा जरासा धक्काही त्यांना कळतो. हे सगळे निरोप मेंदूकडे जातात. मेंदूच्या बुडाशी असलेली पियुषिका ग्रंथी संप्रेरकं सोडते, पोटातली अंडी पिकतात, आणि मासा प्रवाहाच्या विरुद्ध निघतो. ओढ्यातून नाल्यात, नाल्यातून बांधावरून उसळणाऱ्या बोटभर पाण्यात. कोकणात आणि मावळात याच ‘चढणीच्या माशां’साठी लोक पहिल्या पावसात रात्री-अपरात्री कंदील, बॅटऱ्या घेऊन बाहेर पडतात. ठाणे-रायगडकडे यालाच ‘वलगण’ म्हणतात.

पण उलटं का चढायचं? वाहत्या पाण्याबरोबर खाली जाणं किती सोपं! कारण वर, त्या नुकत्याच पाण्याखाली गेलेल्या गवतात आणि धानाच्या बांध्यांत, माशांच्या पिल्लांसाठी स्वर्ग आहे. पाणी उथळ, त्यामुळे मोठे शिकारी मासे कमी. ऊन तळापर्यंत पोचतं, त्यामुळे खाणं मुबलक. तलावाची ती उथळ बाजू आठवतेय? तीच ही बाळंतिणीची खोली. आणि मांगूर तर प्रवाह नसला तरी अडत नाही. पावसाळी रात्री ओल्या गवतातून पुढच्या पंखांचे काटे रोवत, अंग वळवत तो एका डबक्यातून दुसऱ्यात जातो.

पाऊस आणि पियुषिका यांचं हे नातं माणसाच्या हाती लागलं, तेव्हा भारतातल्या मासेपालनाचं रूपच पालटलं. रोहू, कटला आणि मृगळ हे आपले मोठे कार्प मासे. त्यांची अडचण अशी की साठलेल्या पाण्यात ते वाढतात झकास, पण आपसूक अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी हवं. त्यामुळे पूर्वी त्यांचं बीज नद्यांतून गोळा करावं लागे. बंगालमधल्या बांकुरा, मेदिनीपूर भागात लोकांनी यावर नामी युक्ती काढली होती. पावसाचा लोंढा एकदम आत येईल असे बांध घालायचे, म्हणजे माशाला पूर आल्यासारखं वाटतं. मग 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर जणू सुईतच भरला. एका माशाच्या डोक्यातली इवलीशी पियुषिका काढून तिचा अर्क दुसऱ्या माशाला टोचला, आणि कार्पनं बंदिस्त जागेत अंडी घातली! 10 जुलै हा आज देशभर राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, तो याचमुळे.

रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते. ती एका दिवसाच्या आत उबतात. त्यातून निघतं मत्स्यजिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्लं; ती वाढून होतात बोटाएवढ्या बोटुकल्या, आणि मच्छीमार सोसायट्या त्या तलावात सोडतात. एकाच तलावात रोहू, कटला आणि मृगळ भांडत नाहीत. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पृष्ठभागाजवळचं खातो. रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी.

आणि आता माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत सुंदर दृश्य. जुलै-ऑगस्टमध्ये तळ्याच्या काठाशी, वनस्पतींच्या आडोशाला, पाण्यावर ताटाएवढा केशरी-लाल डाग दिसतो. डाग हलतो. जवळून बघा, तो शेकडो बारीक पिल्लांचा थवा असतो. ही मरळीची पिल्लं. तिनं वनस्पती बाजूला सारून मोकळी जागा केली, तिथे तेलाच्या थेंबामुळे तरंगणारी पिवळसर अंडी सोडली, आणि पिल्लं निघाल्यापासून आईबाप त्यांच्या खाली राखण करत फिरताहेत. पिल्लं हवा घ्यायला शिकतात तेव्हा सगळी एकदम वर येतात आणि पाणी खदखदल्यासारखं होतं. एखादा बेडूक जवळ आला, तर खालून मरळ त्याच्यावर झेपावते. ही माया एवढी पक्की आहे की तिचाच माणूस फायदा घेतो. डागावर गळ टाकला की राखण करणारी मरळ चिडून त्याला चावतेच. एक मरळ हाती लागते आणि शेकडो पिल्लं बेवारस होतात.

बोडी दरवर्षी आटते आणि दरवर्षी भरते, हे तिथल्या जीवांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांची सगळी रचनाच त्यासाठी आहे. त्यांना फक्त तीन गोष्टी हव्यात: उन्हाळ्यात टिकणारा एखादा डोह, पावसाळ्यात पसरणारी उथळ बाजू, आणि दोन्हींना जोडणारी मोकळी वाट. आपण गाळ काढताना तळ्याची उभ्या भिंतींची पेटी करतो, तेव्हा उथळ बाजू जाते. नाल्यात काँक्रीटची उंच पायरी बांधतो, तेव्हा वाट जाते. बेशरम या परदेशी वनस्पतीची झुडपं माजतात, तेव्हा उथळ बाजूवरच्या देशी पाणवनस्पती जातात. गोंदिया-भंडाऱ्यात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या बंधू-भगिनींबरोबर नेमकं हेच सावरायचं काम हाती घेतलं: उन्हाळ्यात कोरड्या तलावातली बेशरम उपटायची, तळ नांगरायचा आणि पावसात देशी पाणवनस्पती लावायच्या. कोणती वनस्पती कुठल्या माशाला लागते, हे ढिवर मंडळींना आधीपासून ठाऊक होतंच.

तळ्यावर जरूर जा, गळही टाका. पण पहिल्या पावसात चढणीवर निघालेल्या माशांना वाट द्या, ओढ्यात आडवं जाळं लावून सगळेच पकडू नका. आणि पाण्यावर लाल डाग दिसला, तर तिथे गळ टाकू नका. ती एक मरळ सोडलीत, तर पुढच्या वर्षी त्याच तळ्यात तुमच्या गळाला मासा लागेल.