प्रीमिअर प्रो आणि ग्राहक-श्रेणीची ग्राफिक्स कार्डे

अ‍ॅडोबी प्रीमिअर प्रो या व्यावसायिक चित्रफीत-संपादन आज्ञावलीच्या सीएस५ (२०१०), सीएस५.५ (२०११) आणि सीएस६ (२०१२) या आवृत्त्यांत ग्राफिक्स कार्डाच्या साहाय्याने मिळणारा वेग केवळ निवडक, निर्मात्याने तपासलेल्या कार्डांपुरता मर्यादित ठेवलेला होता. या निवडक कार्डांची नावे आज्ञावलीसोबत येणाऱ्या एका साध्या मजकूर-धारिकेत लिहिलेली असत. त्या धारिकेत आपल्या कार्डाचे नाव स्वतः लिहून स्वस्त, खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या कार्डांवर तोच वेग मिळवण्याची रीत या काळात जगभरच्या संपादकांत रूढ झाली. २०१३ साली आलेल्या प्रीमिअर प्रो सीसी या आवृत्तीपासून ही मर्यादा काढून टाकण्यात आली आणि त्या रीतीची गरज उरली नाही.

पार्श्वभूमी

उच्च पृथक्करणाच्या (१९२० × १०८०) चित्रफितीतील एका चौकटीत २०,७३,६०० चित्रबिंदू असतात. सेकंदाला २५ चौकटी या हिशेबाने एकाच थरासाठी दर सेकंदाला सुमारे ५ कोटी १८ लाख चित्रबिंदूंवर प्रक्रिया करावी लागते. दोन-तीन थर एकमेकांवर ठेवले, रंगसुधारणा केली, एखादे चित्र लहान करून कोपऱ्यात बसवले, की हा भार त्या पटीत वाढतो. संगणकाच्या मुख्य प्रक्रियकाला हे काम झेपेनासे झाले की चित्र अडखळत चालते. मग संपादकाला तेवढा भाग आधी 'रेंडर' करून घ्यावा लागतो, आणि केलेला बदल पाहण्यासाठी वाट पाहत बसावे लागते. संपादनाच्या कामात या प्रतीक्षेइतका कंटाळवाणा भाग दुसरा नाही.

प्रत्येक चित्रबिंदूवर तीच क्रिया पुन्हा पुन्हा करायची असल्यामुळे हे काम शेकडो लहान गणन-एकके एकाच वेळी चालवणाऱ्या ग्राफिक्स प्रक्रियकाला सोयीचे असते. एनव्हिडिया या कंपनीने आपल्या ग्राफिक्स प्रक्रियकांवर सर्वसाधारण गणिती कामे करून घेण्यासाठी 'कुडा' ही प्रणाली विकसित केली होती. अ‍ॅडोबीने २०१० साली प्रीमिअर प्रो सीएस५ मध्ये 'मर्क्युरी प्लेबॅक इंजिन' आणले, त्याचा ग्राफिक्स भाग कुडावर आधारलेला होता. ही आवृत्ती केवळ ६४-बिट कार्यप्रणालीवर चालत असे. कुडा ही एनव्हिडियाची खासगी प्रणाली असल्याने एएमडीच्या रेडिऑन कार्डांना सीएस५ व सीएस५.५ मध्ये या वेगाचा लाभ कोणत्याही युक्तीने मिळणे शक्य नव्हते.

मान्यताप्राप्त कार्डांची यादी

सीएस५ च्या आरंभीच्या यादीत जीफोर्स जीटीएक्स २८५ हे एकमेव ग्राहक-श्रेणीचे कार्ड होते. उरलेली सर्व, म्हणजे क्वाड्रो एफएक्स ३८००, ४८००, ५८०० आणि क्वाड्रो सीएक्स, ही व्यावसायिक श्रेणीतील होती. पुढील सुधारित आवृत्त्यांत जीफोर्स जीटीएक्स ४७०, क्वाड्रो ४००० व ५००० इत्यादींची भर पडली.

दोन श्रेणींच्या किमतींत कित्येक पटींचे अंतर होते. आतील प्रक्रियक मात्र पुष्कळदा एकाच कुळातला असे. जीटीएक्स २८५ आणि क्वाड्रो एफएक्स ४८०० ही दोन्ही कार्डे एनव्हिडियाच्या 'जीटी२००' या कुळातली. जीटीएक्स २८५ मध्ये २४० गणन-एकके व १ गिगाबाइट स्मृती होती, तर त्याहून बरेच महाग असलेल्या एफएक्स ४८०० मध्ये १९२ एकके व दीड गिगाबाइट स्मृती. क्वाड्रोची जास्तीची किंमत निराळ्या गोष्टींसाठी असे: अभियांत्रिकी आरेखनाच्या आज्ञावल्यांसाठी प्रमाणित केलेले चालक (ड्रायव्हर), जास्त स्मृती, प्रत्येक रंगघटकासाठी दहा बिटांचे चित्र पडद्यावर पाठवण्याची सोय, काही प्रतिमानांना प्रसारण-केंद्रांत लागणारी एसडीआय जोडणी. प्रीमिअरच्या गणितासाठी यांतले फारसे काही लागत नव्हते.

मग जीटीएक्स २६० किंवा २७५ या यादीत का नव्हती, हा प्रश्न संपादकांना पडणे स्वाभाविक होते. तीही त्याच कुळातली होती आणि २७५ मध्ये तर २८५ इतकीच गणन-एकके होती. याचे उत्तर तंत्रापेक्षा चाचणीत दडलेले आहे. प्रत्येक कार्ड, त्याचा चालक आणि कार्यप्रणाली यांची जोडी तपासून पाहणे, आणि पुढे ग्राहकाची तक्रार आली तर तिला उत्तर देणे, हे खर्चाचे काम असते. यादी लहान ठेवण्यात निर्मात्याची सोय होती. तिचा भुर्दंड लहान स्टुडिओंना आणि एकट्याने काम करणाऱ्या संपादकांना पडत होता, हेही तितकेच खरे.

यादीखेरीज स्मृतीचीही अट होती. सीएस५ ला किमान ८९६ मेगाबाइट स्मृतीचे कार्ड लागत असे. ही विचित्र वाटणारी संख्या जीटीएक्स २६० व २७५ या कार्डांवरील स्मृतीइतकीच आहे. पुढील आवृत्तीत ही मर्यादा काहीशी खाली आली. अटीमागील कारण सरळ आहे. ३२-बिट अचूकतेने हिशेब करताना एका चित्रबिंदूला (तीन रंग व पारदर्शकता मिळून) १६ बाइट लागतात. म्हणजे उच्च पृथक्करणाची एक चौकट सुमारे ३३ मेगाबाइटची होते, तर ४०९६ × २३०४ आकाराची चौकट सुमारे १५१ मेगाबाइटची. अनेक थरांच्या चौकटी एकाच वेळी कार्डावर ठेवायच्या असल्याने स्मृती लवकर भरते. ती अपुरी पडली तर प्रीमिअर त्या चौकटीचे काम मुकाट्याने मुख्य प्रक्रियकाकडे सोपवते आणि वेग एकाएकी ओसरतो.

यादीत नाव घालण्याची रीत

विंडोजवर प्रीमिअरच्या स्थापना-फोल्डरमध्ये 'कुडा सपोर्टेड कार्ड्स' या नावाची मजकूर-धारिका असे (मूळ नावातील शब्द अधोरेषेने जोडलेले असत). तिच्या प्रत्येक ओळीत एका कार्डाचे नाव असे. आज्ञावली सुरू होताना संगणकातील कार्डाचे नाव या ओळींशी ताडून पाहिले जाई. जुळले तर ग्राफिक्स कार्डाचा पर्याय खुला होई, न जुळल्यास तो पुसट दिसे.

त्याच फोल्डरमध्ये 'जीपीयू स्निफर' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असे. तो आज्ञा-खिडकीतून चालवल्यास संगणकातील कार्ड, त्याची स्मृती आणि कार्ड स्वीकारले की नाकारले, हे सांगत असे. नाकारण्याचे कारणही तो देई: स्मृती अपुरी आहे, किंवा नाव यादीत नाही. यांतील पहिले कारण असेल तर यादीत नाव घालून काहीच साधत नसे, म्हणून आधी हा प्रोग्रॅम चालवून पाहणे शहाणपणाचे ठरे. दुसरे कारण असेल तर स्निफरने दाखवलेले नाव अक्षरशः तसेच, मोठी-लहान अक्षरे व मधली मोकळी जागा यांसह, धारिकेत नव्या ओळीवर लिहायचे. एखादी मोकळी जागा चुकली तरी नाव जुळत नसे आणि युक्ती फसली असा समज होई.

धारिका विंडोजच्या संरक्षित फोल्डरमध्ये असल्यामुळे नोटपॅड प्रशासक म्हणून उघडल्याखेरीज बदल साठवता येत नसत. मूळ धारिकेची प्रत आधी बाजूला काढून ठेवण्याची सूचना बहुतेक मार्गदर्शकांत आढळते. एकाहून अधिक पडदे जोडलेले असल्यास एनव्हिडियाच्या नियंत्रण-फलकात प्रीमिअरसाठी बहुपडदा प्रवेगाची निवड बदलण्याचाही सल्ला दिला जाई. सीएस६ च्या काळात तर धारिकेचे केवळ नाव बदलून किंवा ती काढून टाकून काम भागते असे दिसून आले: यादीच सापडली नाही की आज्ञावली फक्त स्मृतीची अट पाहत असे.

यानंतर प्रकल्पाच्या सेटिंगमधील 'जनरल' या भागात रेंडररचा पर्याय 'सॉफ्टवेअर ओन्ली' वरून ग्राफिक्स प्रवेगावर आणावा लागे. हा पर्याय प्रकल्पागणिक स्वतंत्र असतो. युक्ती यशस्वी होऊनही जुना प्रकल्प पूर्वीसारखाच रखडत चाललेला दिसे, त्याचे कारण बहुधा येथेच सापडे.

काय वेगवान होते, काय होत नाही

ग्राफिक्स कार्ड घातले की सगळेच भराभर होईल, ही अपेक्षा या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज म्हणावा लागेल. मर्क्युरी इंजिनाचा ग्राफिक्स भाग चित्राचा आकार बदलणे, थरांचे मिश्रण, रंगावकाशाचे रूपांतर, आंतरगुंफित चित्राचे सरळीकरण आणि निवडक परिणाम व संक्रमणे एवढी कामे करत असे. प्रवेगित परिणामांच्या नावापुढे यादीत एक छोटे चिन्ह दिसे. कॅमेऱ्याची संकुचित चित्रफीत उलगडण्याचे काम मात्र त्या काळी पूर्णपणे मुख्य प्रक्रियकाचे होते. एव्हीसीएचडी किंवा एच.२६४ स्वरूपातील चित्रण जुन्या दुगाभी प्रक्रियकावर अडखळत असेल, तर कितीही भारी कार्ड आणून त्याला गती येत नसे. तयार चित्रफीत एच.२६४ मध्ये पुन्हा संकुचित करण्याचे कामही प्रक्रियकाकडेच होते. निर्यातीच्या वेळी कार्डाचा उपयोग होई तो आकारबदल व परिणामांच्या हिशेबापुरता.

कालरेषेवरील रंगीत पट्टीने हा भेद काही अंशी समजत असे. लाल पट्टी म्हणजे तो भाग रेंडर केल्याशिवाय सुरळीत चालण्याची शक्यता कमी. पिवळी म्हणजे रेंडर केलेला नाही, तरी बहुधा चालेल. प्रवेग सुरू होताच अनेक लाल पट्ट्या पिवळ्या होत. युक्ती साधल्याची ही सर्वांत सोपी खूण होती.

कोणतेही कार्ड चालते म्हणून कोणतेही कार्ड घ्यावे असे नाही. गणन-एककांइतकेच महत्त्व स्मृतीच्या वेगाला आहे. जीटीएक्स २८५ ची स्मृती सेकंदाला सुमारे १५९ गिगाबाइट माहिती वाहून नेऊ शकते; डीडीआर३ स्मृतीच्या जीटी ४३० ची क्षमता २८.८ गिगाबाइट. दोहोंवर १ गिगाबाइट स्मृती असली तरी, आणि यादीत नाव लिहून दोन्ही चालू होत असली तरी, त्यांच्या कामात जमीन-अस्मानाचे अंतर पडते. वेगवान प्रक्रियकासोबत असे मंद कार्ड जोडले तर लाभ नगण्य ठरतो.

अडचणी

खेळांसाठीची कार्डे तासन्‌तास भार सोसण्यासाठी तपासलेली असतातच असे नाही. जीटीएक्स २८५ ला सुमारे २०४ वॅट, तर पुढच्या पिढीतील जीटीएक्स ४८० ला २५० वॅट वीज लागत असे. तयार विकत घेतलेल्या कार्यालयीन संगणकाचा वीजपुरवठा इतका भार पेलत नसल्याने कार्डासोबत तोही बदलावा लागे, आणि वाचवलेल्या पैशांतला काही भाग तिकडे जाई. विंडोजची एक व्यवस्थाही आड येते: ग्राफिक्स प्रक्रियकाने सुमारे दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर कार्यप्रणाली त्याचा चालक पुन्हा सुरू करते. जड चौकटीवर काम चालू असताना असे घडले, तर प्रीमिअर बंद पडून न साठवलेले काम जाण्याचा धोका असे.

यादीबाहेरचे कार्ड वापरणाऱ्याला अ‍ॅडोबीकडून साहाय्य मिळण्याची अपेक्षा ठेवता येत नसे. लहान स्टुडिओंनी हा धोका पत्करला. ज्यांच्या कामाला प्रसारणाची ठरलेली वेळ होती, त्यांनी क्वाड्रो घेणे पसंत केले असेल तर त्यांना उधळे म्हणता येणार नाही.

मॅक संगणक

मॅकवर ही धारिका प्रीमिअरच्या अ‍ॅप्लिकेशन-गठ्ठ्याच्या आत असे आणि तिथे पोहोचण्यासाठी गठ्ठ्यातील घटक दाखवण्याची आज्ञा द्यावी लागे. खरी अडचण कार्डांची होती. पीसीसाठीच्या कार्डावर मॅकला कळणारे ईएफआय फर्मवेअर नसल्याने मॅक प्रो मध्ये ते बसवल्यास संगणक सुरू होताना पडदा काळाच राही. कार्यप्रणालीने चालक चढवल्यावरच चित्र उमटे. २०१० च्या मॅकबुक प्रो मधील जीटी ३३०एम वर २५६ किंवा ५१२ मेगाबाइटच स्मृती होती, त्यामुळे ते स्मृतीच्या अटीतच अडकत असे. सीएस६ मध्ये काही मॅकबुक प्रो संगणकांतील रेडिऑन एचडी ६७५०एम व ६७७०एम या १ गिगाबाइटच्या प्रक्रियकांसाठी ओपनसीएलचा मार्ग प्रथमच खुला झाला.

यादीची अखेर आणि नंतर

जून २०१३ मधील प्रीमिअर प्रो सीसी ने यादीची अट काढली. १ गिगाबाइट स्मृती असलेले व कुडा किंवा ओपनसीएल जाणणारे कार्ड निवडता येऊ लागले. ते तपासलेले नसेल तर केवळ इशारा दिला जाई. आफ्टर इफेक्ट्स सीएस६ मध्येही किरण-आरेखित त्रिमितीसाठी अशीच एक यादी होती आणि तिच्यावरही हीच युक्ती चालत असे.

दोन श्रेणींमधील उरलेले भेदही पुढे कमी होत गेले. दहा बिट रंगांची जी सोय पूर्वी क्वाड्रोपुरती होती, ती २०१९ च्या जुलैमध्ये 'स्टुडिओ' चालकांद्वारे जीफोर्सलाही मिळाली. २०२० पासून एनव्हिडियाने नव्या व्यावसायिक कार्डांना क्वाड्रो हे नाव देणेच थांबवले. त्याच वर्षी प्रीमिअरने एनव्हिडिया व एएमडी कार्डांवरील स्वतंत्र मंडलांकडून एच.२६४ व एचईव्हीसी चित्रफितींचे संकोचन, आणि पुढे उलगडण्याचेही काम, करून घेण्यास सुरुवात केली. पूर्वी ज्या कामात कार्ड निरुपयोगी होते, तेच आता त्याचे मोठे काम झाले आहे.

आता कार्ड नाकारले जाते ते चालकाच्या वयामुळे. एनव्हिडियाच्या 'केप्लर' कुळातील कार्डांसाठी ४७० ही चालकांची शेवटची शाखा ठरली. त्याहून नवा चालक मागणाऱ्या आवृत्त्यांत ही कार्डे प्रवेगासाठी वापरता येत नाहीत, आणि येथे कोणत्याही धारिकेत नाव लिहून भागत नाही. मॅकवर २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून एनव्हिडियाचे स्वतंत्र चालक आलेच नाहीत. त्यामुळे जुन्या मॅक प्रो मध्ये जीफोर्स बसवलेल्या बहुतेक संपादकांपुढे हाय सिएरावर थांबणे किंवा कार्ड बदलून रेडिऑन घेणे, एवढेच पर्याय राहिले.