लाकडातून काढलेला उजेड

चित्र हाताच्या पंजाएवढं. खुर्चीत एक बाई, मांडीवरचं विणकाम तसंच पडलेलं, समोर भिंतीतल्या कोनाड्यात कोळसा धगधगतोय. ती कुणाची तरी वाट पाहतेय. १८६०च्या दशकातल्या ब्रिटिश सचित्र मासिकांत ही बाई पुन्हा पुन्हा भेटते, कधी विस्तवापाशी, कधी खिडकीपाशी. टेनिसनच्या कवितांच्या १८५७च्या सचित्र आवृत्तीसाठी चित्रकार मिलेनं काढलेली मारियाना तर खिडकीशी तोंड लपवूनच बसली आहे.

पण बाईला क्षणभर राहू द्या. ज्वाळेकडे बघा. तिथे शाई नाहीच! चित्रातला सगळ्यात जिवंत भाग म्हणजे नुसता कोरा कागद.

शाळेत बटाट्याचा ठसा केला असेल, तर युक्ती तुम्हाला ठाऊक आहे: कोरलं ते पांढरं, ठेवलं ते काळं. इथे बटाट्याच्या जागी बॉक्सवुड, अतिशय घट्ट आणि हळू वाढणारं लाकूड. खोड आडवं कापून काढलेला ठोकळा छापखान्यातल्या खिळ्यांच्याच उंचीचा असे. त्यामुळे मजकूर आणि चित्र एकाच दाबात छापलं जाई. मासिकांना तांब्याच्या पत्र्यापेक्षा लाकूड परवडलं ते यामुळेच.

चित्रकार बहुधा थेट ठोकळ्यावर काढायचा, तेही उलटं. कारण छापल्यावर डावं उजवं होतं. मग कोरणारा बसायचा. खाली वाळू भरलेली चामड्याची उशी, डोळ्याला भिंग. बाईच्या मागच्या भिंतीवरची सावली चित्रकारानं आडव्या-उभ्या रेघांची जाळी मारून क्षणात उरकलेली असते. कोरणाऱ्याला मात्र त्या जाळीतलं एकेक इवलंसं भोक टोकदार हत्यारानं उकरावं लागतं. एकाच्या हाताचा झटका, दुसऱ्याची दिवसभराची मान मोडणारी मेहनत. चित्रकार रोझेटी तर ठोकळ्यावर पेन्सिल, शाई, खडू, पातळ रंग असं सगळंच वापरून ठेवी. त्या धूसर छटा आता रेघांत बसवायच्या कशा? छापा हाती आला की तोच कोरणाऱ्यांवर चिडायचा. माझ्या मते यात कोरणाऱ्यांची बाजू खरी.

आणि या सगळ्यात मूळ चित्र नाहीसं व्हायचं. कोरणं म्हणजेच ते खरवडून टाकणं. पुढे चित्राचं छायाचित्र लाकडावर उतरवता येऊ लागलं, तेव्हा कुठे कागदावरची मूळ चित्रं वाचू लागली.

लंडनच्या डॅलझिएल बंधूंचा कारखाना या कोरीव कामात अग्रेसर होता. त्यांची बहीण मार्गारेटही कोरायची. म्हणजे अशा वाट पाहणाऱ्या बायकांपैकी एखादी एका कामकरी बाईच्या हातून घडली असेल. या कारखान्याच्या छाप्यांच्या चिकटवह्या आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

असं एखादं चित्र समोर आलं, तर भिंग घ्या आणि आधी भिंतीवरची सावली पाहा. तिच्यातले पांढरे ठिपके मोजायला लागा.